मद्यासक्ती

मद्यासक्ती : अल्कोहॉलयुक्त पेयांच्या दीर्घकाल व अतिरिक्त सेवनामुळे जडणारी आणि स्वेच्छेने सोडता न येणारी शारीरिक व मानसिक परावलंबनाची अवस्था. प्रसंगोपात्त मद्य घेणारी प्रत्येक व्यक्ती मद्यासक्त नसते. उलट, रोज मर्यादित दिसणाऱ्या प्रमाणात मद्य घेणारी व्यक्तीही ते न मिळाल्यास बेचैन होत असेल, तर ती या विकाराच्या मार्गावर आहे असे समजावे. मद्यावाचून चैन न पडणे, पूर्वीइतकी धुंदी येण्यासाठी मात्रा वाढवावी लागणे, प्यावयास सुरुवात केल्यावर थांबता न येणे, प्रकृती, व्यवसाय व संसार यांची हानी दिसत असूनही पिणे चालू राहणे आणि मद्य बंद होताच कंपादी लक्षणे उद्‌भवणे, ही तिची प्रमुख गमके होत.

मद्याचे दुष्परिणाम प्राचीनांना अज्ञात नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात व सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मद्यजन्य विकारांवर स्वतंत्र अध्याय असून चरकाने या विकाराला ‘मदात्यय’ असे नाव दिले आहे. मदाच्या चढत्या अवस्थांचे त्यातील वर्णन आजच्या वैद्यालाही ओळखीचे वाटेल. महाभारताच्या मौसलपर्वात यादवकुलाचा संहार प्रभासक्षेत्री मद्याच्या धुंदीतील कलहातून झाल्याची कथा आहे. यूरोपात मात्र मद्यपी हा केवळ दुर्वर्तनी मनुष्य होय, ही समजूत दीर्घकाळ टिकली. टॉमस ट्रॉटर या स्कॉटिश वैद्याने १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मद्यपानाची सवय हा मनाचा रोग असल्याचे प्रतिपादन केले. स्वीडिश वैद्य माग्नुस हस यांनी १८४९ मध्ये चिरकारी मद्यविकाराचे सविस्तर वर्णन करून त्याला वैद्यकातील स्वतंत्र नाव दिले, आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई. एम्. जेलिनेक यांच्या ग्रंथामुळे मद्यासक्ती हा रोग आहे ही कल्पना सर्वत्र पोहोचली. अर्थात तिला रोग म्हटल्याने रोग्याची जबाबदारी संपते असे नाही. तथापि उपदेश आणि शिक्षा यांच्या पलीकडे उपचाराचाही एक मार्ग आहे, हे या कल्पनेमुळेच मान्य झाले.

शरीरातील क्रिया : सर्व मद्यांतील परिणामकारक घटक एकच, तो म्हणजे एथिल अल्कोहॉल. दारू देशी की विदेशी, स्वस्त की महाग, याने रुची व किंमत बदलते. यकृताच्या दृष्टीने त्यात भेद नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की, रम यांसारख्या मद्यांत घनफळाने साधारणपणे ४२·८ टक्के अल्कोहॉल असते. त्यामुळे ३० मिलि.च्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅ. अल्कोहॉल पोटात जाते. बिअर निरुपद्रवी असते, असा एक समज तरुणांत रूढ आहे. परंतु ८ टक्के अल्कोहॉल असलेल्या कडक बिअरच्या ६५० मिलि.च्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅ., म्हणजे चार लहान पेगांइतके अल्कोहॉल असते.

अल्कोहॉलचे पचन व्हावे लागत नाही. त्याचा काही भाग जठरातून व बराचसा लघ्वांत्रातून जसाच्या तसा रक्तात शोषला जातो. म्हणून उपाशीपोटी घेतलेले मद्य लवकर चढते. शोषलेल्या अल्कोहॉलपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भागाचे ऑक्सिडीभवन प्रामुख्याने यकृतात होते. एका एंझाइमामुळे त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइडात आणि दुसऱ्या एंझाइमामुळे पुढे ॲसिटेटात रूपांतर होते. मधला पदार्थ, ॲसिटाल्डिहाइड, हा विषारी असून मद्याचे अनेक दुष्परिणाम त्याच्यामुळे घडतात. यकृताचा हा वेग ठराविक असतो. प्रौढ व्यक्तीत ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅ. अल्कोहॉलाचाच निचरा होतो. थंड पाण्याने स्नान, लिंबू, ताक वा कडक कॉफी या लोकप्रिय उताऱ्यांनी तो वेग वाढत नाही. झिंगलेला मनुष्य फार तर जागा होतो, शुद्धीवर येत नाही. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील अल्कोहॉलची पातळी अधिक चढते व यकृताची हानीही लवकर होते.

मद्य हे उत्तेजक आहे, हा समज चुकीचा आहे. ते केंद्रीय तंत्रिका तंत्राचे अवसादक (कार्य मंदावणारे) आहे. प्रथम मेंदूतील विवेक व संयम यांची केंद्रे मंदावतात आणि त्यांच्या नियंत्रणातून सुटलेल्या वृत्ती उफाळून येतात. बडबड, धिटाई आणि उल्हास यांचे मूळ हेच. रक्तात दर १०० मिलि.ला ५० मिग्रॅ. इतके अल्कोहॉल असतानाच निर्णयशक्ती व प्रतिक्रियेची तत्परता उणावते. १५० मिग्रॅ.च्या सुमारास बोलणे अडखळते व तोल जातो, ३०० च्या पुढे गुंगी येते आणि ४०० च्या वर लंबमज्जेतील श्वसनकेंद्र बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये वाहनचालकाच्या १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ.हून अधिक अल्कोहॉल आढळणे हा गुन्हा आहे. थंडीत मद्याने ऊब येते ही कल्पनाही फसवी आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारल्यामुळे उबेचा भास होतो, पण शरीरातील उष्णता प्रत्यक्षात बाहेर टाकली जाते.

चिरकारी परिणाम : सर्वांत मोठा आघात यकृतावर होतो. प्रथम यकृतपेशींत मेद साचतो. ही अवस्था बहुधा लक्षणरहित असते आणि मद्य पूर्ण सोडल्यास काही आठवड्यांत नाहीशी होते. पुढच्या टप्प्यात यकृतशोथ (दाहयुक्त सूज) होऊन कावीळ, ज्वर व पोटदुखी उद्‌भवतात. तरीही पिणे चालू राहिल्यास मृत पेशींच्या जागी तंतुमय ऊतक वाढून यकृत कठीण व गाठाळ बनते. हाच यकृत सूत्रण रोग होय. आतड्याकडून येणाऱ्या रक्ताला अशा यकृतातून वाट मिळत नाही. परिणामी उदरात पाणी साचते (जलोदर), ग्रसिकेच्या तळाशी असलेल्या नीला फुगतात आणि त्या फुटल्यास रक्ताच्या उलट्या होऊन काही तासांत रोगी दगावू शकतो. झालेले सूत्रण बहुतांशी भरून येत नाही. मात्र या अवस्थेतही मद्य सोडणाऱ्याचे आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा निश्चितपणे वाढते. ‘आता सोडून काय उपयोग’, हा रोग्याचा व कित्येकदा त्याच्या आप्तांचाही निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

यांशिवाय जठरशोथ, अग्निपिंडाचा दाह, उच्च रक्तदाब, हृद्‌स्नायूंचा दुबळेपणा व पुरुषांतील लैंगिक दौर्बल्य हे विकार संभवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये मद्याचा समावेश मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केला. मुख, घसा, स्वरयंत्र, ग्रसिका, यकृत, बृहदांत्र व स्त्रियांचे स्तन या ठिकाणच्या कर्करोगांशी मद्याचा संबंध सिद्ध झाला आहे. तंबाखूच्या जोडीने मुख व घसा यांचा धोका गुणाकाराने वाढतो आणि आपल्याकडे ही दोन व्यसने सहसा एकत्रच नांदतात.

अल्कोहॉलाच्या एका ग्रॅमपासून सुमारे ७ कॅलरी मिळतात. परंतु त्यात प्रथिने, जीवनसत्त्वे वा खनिजे नसतात. भूक मरते आणि अन्नाचा पैसाही मद्यावरच खर्च होतो, त्यामुळे कुपोषण होते. थायामीन (ब१ जीवनसत्त्व) या घटकाच्या अभावी हातापायांना मुंग्या येणे, आग होणे व बधिरता ही तंत्रिकाशोथाची लक्षणे दिसतात. तो अभाव तीव्र असल्यास डोळ्यांच्या हालचालीतील दोष, झोकांड्या व बुद्धिभ्रंश या लक्षणांचा विकार होतो. त्याचे वर्णन जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये केले. रशियन मनोविकारतज्ज्ञ सेर्ग्येई कॉर्साकॉव्ह यांनी १८८७ च्या सुमारास वर्णिलेल्या विकारात रोग्याला नुकत्याच घडलेल्या गोष्टीही आठवत नाहीत आणि स्मृतीतील पोकळी तो काल्पनिक हकीकतींनी भरून काढतो. तो खोटे बोलत नसतो; आपण सांगतो ते खरे आहे असेच त्याला वाटत असते.

गर्भवतीने घेतलेले मद्य वारेतून थेट गर्भात पोहोचते. फ्रान्समध्ये १९६८ साली व अमेरिकेत १९७३ साली अशा मातांच्या मुलांतील खुरटलेली वाढ, चेहऱ्यातील विशिष्ट व्यंग आणि मतिमंदत्व यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. गर्भावस्थेत मद्याची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ठरविता आलेली नाही.

मद्य अकस्मात बंद झाल्याचे परिणाम : हा भाग कुटुंबीयांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. सतत अवसादकाच्या अंमलाखाली राहिलेला मेंदू स्वतःची उत्तेजनशीलता वाढवून समतोल साधतो. मद्य एकाएकी थांबले, की ते दडपण दूर होते आणि वाढलेली उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात कापणे, घाम, मळमळ, निद्रानाश व धडधड ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांनी काही रोग्यांत कंपोन्माद उद्‌भवतो. त्यात रोगी स्थळकाळाचे भान हरपतो, अंगावर किडे चढत आहेत किंवा भिंतीवरून प्राणी येत आहेत असे त्याला दिसते, ज्वर व घाम येतो आणि उपचार न झाल्यास मृत्यूही येतो. इंग्रज वैद्य टॉमस सटन यांनी १८१३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. खेड्यांत अशा रोग्याला बाहेरची बाधा झाली असे समजून देवऋष्याकडे नेण्यात येते आणि उपचाराचे मोलाचे तास वाया जातात. कुटुंबाने रोग्याला खोलीत कोंडून घालून दारू सोडविणे, किंवा देवाची शपथ घालून एका दिवसात ती बंद करविणे, हे उपाय दीर्घकाळ रोज पिणाऱ्याच्या बाबतीत धोक्याचे आहेत. दारू सुटलीच पाहिजे, परंतु पहिला आठवडा वैद्यकीय देखरेखीखाली जावा. त्या काळात शामक औषधे उतरत्या मात्रेने व थायामीन अंतःक्षेपणाने देतात. ग्लुकोज द्यावयाचे असल्यास थायामीन त्याआधी देणे आवश्यक असते.

विषारी दारू : बेकायदा गाळलेल्या दारूत नशा वाढविण्यासाठी वा केवळ स्वस्त म्हणून औद्योगिक मेथिल अल्कोहॉल मिसळले जाते. चवीने व वासाने ते पिणाऱ्याला ओळखता येत नाही. यकृतातील त्याच एंझाइमामुळे त्याचे फॉर्माल्डिहाइडात व नंतर फॉर्मिक अम्लात रूपांतर होते. हे अम्ल रक्ताची अम्लता वाढविते आणि दृक् तंत्रिकेचा नाश करते. रूपांतर मंद गतीने होत असल्यामुळे पिणाऱ्याला बारा ते चोवीस तास विशेष काही जाणवत नाही. त्यानंतर उलट्या, पोटदुखी, श्वास लागणे आणि डोळ्यांपुढे पांढरे धुके येणे ही लक्षणे दिसतात. थोड्या मात्रेनेही कायमचे अंधत्व येते. त्या एंझाइमाला अडविणारे औषध, तसेच अपोहन (कृत्रिम रीतीने रक्तशुद्धी) वेळेवर मिळाल्यास प्राण व दृष्टी वाचू शकतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनांतील मृत प्रायः हातावर पोट असलेले मजूर असतात. शिवाय, पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात जाण्यास झालेला विलंब हेही मृत्यूंचे एक कारण असते.

सामाजिक परिणाम : जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यामुळे घडले. भारत सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४·६ टक्के लोक (सुमारे १६ कोटी) मद्य घेतात, असे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २७·३ टक्के, तर स्त्रियांत १·६ टक्के होते. उपचाराची वा साहाय्याची गरज असलेल्यांची संख्या ५ कोटी ७० लाखांच्या वर होती. प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी दिसते हे खरे; परंतु येथे जो पितो तो बहुधा जेवणाबरोबर घोटभर न पिता धुंदीसाठीच पितो, ही गोष्ट टक्केवारीत येत नाही.

स्त्रिया फारशा पीत नसल्या, तरी मद्याची किंमत मोठ्या प्रमाणात त्याच मोजतात. नवरा वारंवार झिंगून येतो अशा स्त्रियांना घरात मारहाण सोसावी लागण्याचे प्रमाण न पिणाऱ्यांच्या पत्नींच्या सुमारे तिप्पट असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. रोजंदारीवरील कुटुंबात मजुरीचा मोठा भाग आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीच गुत्त्यावर जातो. त्यानंतर बायकोचे किडूकमिडूक, भांडी, मग जमीन असा क्रम सुरू होतो. मुलांची शाळा सुटते आणि थोरल्या मुलावर वयाआधीच घराचा भार पडतो. रस्त्यावरील अपघात, कामावरील गैरहजेरी, आत्महत्या व कर्जबाजारीपणा यांतील मद्याचा वाटा मोठा आहे. तथापि मृत्यूच्या दाखल्यावर किंवा पोलिसी पंचनाम्यात कारण म्हणून मद्याची नोंद क्वचितच होते. राम गणेश गडकरी यांच्या एकच प्याला (१९१९) या नाटकाने सुधाकर व सिंधू यांच्या रूपाने हा नाश मराठी प्रेक्षकांपुढे मांडला. या नाटकात अधोगती होते ती बुद्धिमान व स्वाभिमानी वकिलाची, हे लक्षणीय आहे. मद्यासक्ती हा फक्त अशिक्षितांचा दोष, ही मध्यमवर्गाची समजूत त्याने खोटी ठरविली.

दारूबंदी : ब्रिटिश अमदानीत मद्य हे महसुलाचे साधन झाले. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी कायद्यान्वये मद्यनिर्मिती परवान्याखाली आली आणि घरगुती दारू गाळणे हा गुन्हा ठरला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. मोहाचे फूल हे आदिवासींचे अन्नही असल्याने तो त्यांच्या पोटावर आलेला घाला होता. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारूदुकानांना विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने केली. १९२२ च्या सुमारास पालघरचा किनारा ते दक्षिण गुजरात या पट्ट्यातील आदिवासींनी देवीच्या आज्ञेने दारू-ताडी सोडली. परवानेदार विक्रेत्यांच्या व सावकारांच्या पाशातून सुटण्याची ती वाट होती.

१९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळातील डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. मद्यव्यवसायात मोठे हितसंबंध असलेल्या पारशी समाजाने तिला प्रखर विरोध केला. गिल्डर स्वतः पारशी होते. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात, औषधी उपयोगाखेरीज मद्यबंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे निदेशक तत्त्व आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालसरा खटल्यात, औषधी व प्रसाधन द्रव्यांविषयीच्या तरतुदींसारखे काही भाग वगळता, तो वैध ठरविला. परंतु बंदीबरोबर हातभट्ट्या, चोरटा व्यापार आणि हप्ते यांची एक समांतर व्यवस्थाही वाढली. गुजरातने बंदी कायम ठेवली. महाराष्ट्राने ती टप्प्याटप्प्याने शिथिल केली. तरीही मूळ अधिनियम नाव बदलून आजही अमलात आहे आणि त्यानुसार मद्य पिण्यास परवाना लागतो. ज्या राज्यात कायद्याचे नाव दारूबंदी आहे, त्याच राज्याच्या तिजोरीत मद्यावरील कराची मोठी भर पडते, ही विसंगती जुनी आहे.

महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या सहभागाने झालेल्या लोकचळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठविण्यात आली. गावातील परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदानाचीही तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी व आडवी बाटली ही चिन्हे असल्याने ‘आडवी बाटली’ हे शब्द दारूबंदीसाठी रूढ झाले. आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावापासून १९९२ मध्ये पसरलेल्या स्त्रियांच्या आंदोलनामुळे १९९५ मध्ये राज्यभर बंदी आली, पण १९९७ मध्ये ती मागे घ्यावी लागली. या अनुभवांवरून असे दिसते की, स्त्रियांचा संघटित पहारा असलेल्या गावांत बंदी टिकते. केवळ शासकीय आदेशावर विसंबलेली बंदी दारूचे फक्त ठिकाण व भाव बदलते. मद्याची उपलब्धता घटविणे व किंमत वाढविणे या उपायांनी एकूण सेवन कमी होते, हे मात्र अनेक देशांत दिसून आले आहे.

उपचार : शरीर मद्यमुक्त करणे हा उपचाराचा प्रारंभ असून तो दोन आठवड्यांत पूर्ण होतो, पुन्हा न पिणे हे खरे कार्य. १९४८ मध्ये डेन्मार्कमध्ये उपयोगात आलेले डायसल्फिराम हे औषध ॲसिटाल्डिहाइडाचे पुढील रूपांतर रोखते. त्यामुळे मद्य घेताच चेहरा लाल होणे, धडधड व उलट्या असा त्रास होतो. हे औषध रोग्याच्या संमतीने व तपासणीनंतरच द्यावयाचे असते. हताश कुटुंबीय ते, किंवा जाहिरातीतील निनावी भुकट्या, रोग्याच्या नकळत जेवणातून देतात. त्यात रक्तदाब एकदम उतरून प्राणावर बेतू शकते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन व ॲकॅम्प्रोसेट ही औषधेही उपलब्ध आहेत.

औषधांपेक्षा दीर्घकाळ उपयोगी पडतो तो समदुःखितांचा सहवास. अमेरिकेत ॲक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस या संघटनेत वर्गणी वा नावनिशीची सक्ती नाही. सभासद एका वेळी एकाच दिवसापुरता न पिण्याचा निश्चय करतो. तिच्या सभा महाराष्ट्रात मराठीतूनही भरतात. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन (१९५१) ही वेगळी संघटना आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार, समुपदेशन, पत्नींसाठी स्वतंत्र बैठका आणि घरी परतल्यानंतरचा दीर्घ पाठपुरावा यांवर भर असतो. तेथील बरेच कार्यकर्ते स्वतः व्यसनमुक्त झालेले आहेत. बऱ्या झालेल्यांपैकी अनेकांचे पाऊल पहिल्या वर्षात पुन्हा घसरते. लग्नाची वरात, पगाराचा दिवस, जुना मित्र, घरातील भांडण ही त्याची नेहमीची निमित्ते. अशा वेळी उपचार फसला असे मानून रोग्याला टाकून दिले जाते. वास्तविक मधुमेह वा दमा यांप्रमाणे हा विकारही उलटणारा आहे. घसरल्यावर तो किती लवकर केंद्रात परततो यावर पुढील वर्षे अवलंबून असतात आणि परतण्याची ही वाट मोकळी ठेवणे बहुधा त्याच्या पत्नीच्या, आईच्या किंवा मालकाच्या हाती असते.